वाहायचा थांबलेला कान

डॉक्टरांनी दोन पायांचा एक लोखंडी चिमटा स्वतःच्या कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या कानात वाजतंय?" असं त्यांनी मोठ्यानं आणि खुणेनं, दोन्हींनी विचारलं. मी डाव्या कानाकडे बोट केलं आणि मनातून शरमले. मला वाटलं, तापानं माझं डोकंच फिरलंय. कारण डावा कान माझा लहानपणापासून बाद. आयुष्यात जे काही ऐकलं ते उजव्यानं. मग हा आवाज बाद कानात कसा वाजेल?

त्या चिमट्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. आवाज कानातून आत पोचतो की हाडातून, हे त्यावरून कळतं. डॉक्टरांनी तो उजव्या कानापाशी धरला, कानामागच्या हाडावर टेकवला, पुन्हा कपाळावर आणला. माझं उत्तर बदललं नाही. मग ते आमच्या ह्यांच्याकडे वळून काहीतरी बोलले. ते बोलणं ह्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त ह्यांचा चेहरा दिसला, आणि तेवढ्यावरून मी समजले.

डॉक्टर म्हणाले होते, "उजव्या कानाचा आतला भाग गेला आहे. तो परत येणार नाही. आता घाई करायची ती कानासाठी नाही, यांच्या जिवासाठी."

मी एवढंच विचारलं, "मग मी ठार बहिरी होणार का?"

डॉक्टर माझ्या डाव्या बाजूला येऊन वाकले आणि ओरडून म्हणाले, "ते नंतर बघू."

ते 'नंतर' उगवायला पुढे बरेच महिने गेले. त्या महिन्यांत मी काय काय भोगलं ते सांगायला बसले आहे. कुणी कौतुक करावं म्हणून नाही. घरोघरी एकाचा तरी कान वाहत असतो, आणि घरोघरी तो तसाच वाहू देतात, म्हणून.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत राहत होतो. हे गिरणीत सूत काढायच्या खात्यात कामाला. सासूबाईही आमच्याजवळच असायच्या. मूळ गाव वळसंगच्या पलीकडे, तिथं थोडी कोरडवाहू जमीन आणि दिरांचं घर. सणाला, जत्रेला गावाकडे जायचं, एरवी चाळ.

गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या घरात हळू कुणी बोलत नाही. दिवसभर साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या यंत्रांच्या, धडधडाटात ओरडून ओरडून त्यांचा गळाच तसा होतो. "मीठ दे" हेसुद्धा आमचे हे असं म्हणायचे, की शेजारीण मीठ घेऊन यावी. सासूबाईही लेकाशी बोलून बोलून तशाच झालेल्या. त्यामुळं माझं ऐकणं कमी होतंय हे त्यांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळलं नाही. ज्या घरात सगळेच ओरडतात, तिथं बहिऱ्या माणसाचं फार छान चालतं.

डावा कान लहानपणी गोवरानंतर फुटला होता. बरीच वर्षं वाहिला, मग आपोआप कोरडा झाला, पण ऐकू कमीच राहिलं. आई म्हणायची, त्याचा नाद सोड, देवानं दुसरा दिलाय की. तेव्हापासून मी त्याचा नाद सोडला. कुणी कानात काही सांगायला आलं की मी उजवा पुढं करायची. झोपतानाही उजवा वर ठेवायची, मुलं रडली तर कळावं म्हणून. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं त्या डाव्याचं झालं होतं. त्याला काही ऐकू येतं की नाही हे मी कधी तपासलंसुद्धा नाही.

उजवा वाहायला लागला तो धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर. सर्दी झाली, कान ठणकला, पाण्यासारखं आलं, मग पू आला. सगळ्या सांगायच्या, कान फुटला म्हणजे बरं, घाण बाहेर पडते. लसूण तळून तेल घातलं. दोन-तीनदा कामगार विम्याच्या दवाखान्यातून थेंब आणले. थेंब घातले की थांबायचा, सर्दी झाली की पुन्हा सुरू. असं वर्षानुवर्षं चाललं. त्याची इतकी सवय झाली की सकाळी वेणी घालताना कानातला बोळाही बदलायचा, हा दिवसाचा भागच होऊन बसला. बोळ्याला कापूस ह्यांच्या गिरणीतला, पांढराशुभ्र. आम्हाला त्याचंच समाधान, की कापूस तरी चांगला आहे.

वास मात्र जात नव्हता. पुवाला घाण वास येणं हे वेगळं लक्षण आहे, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. कानाच्या पडद्यामागं कातडीची एक पिशवी वाढते, कुजते आणि भोवतालचं हाड कुरतडत जाते. तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. नाव ऐकून कर्करोग वाटतो, तो नव्हे. पण हाडाला वाळवी लागावी तसंच ते. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी उजव्या बाजूला मोगऱ्याचा गजरा जरा जास्त माळायची आणि हळदीकुंकवाला भिंतीच्या कडेला बसायची. एवढाच माझा इलाज.

सासूबाईंना हे बघवत नव्हतं. माझ्याशी त्यांचं रोज भांडण, पण माझ्या कानावर त्यांचा जीव होता. गावच्या लक्ष्मीआईला त्यांनी नवस बोलला, "माज्या सुनंचा कान वाहायचा थांबू दे आई, चांदीचा कान वाहीन." आमच्या भागात ही रीतच आहे. डोळे आले तर चांदीचे डोळे, पाय दुखला तर चांदीचा पाय.

आणि एका उन्हाळ्यात कान खरंच वाहायचा थांबला.

सकाळी बोळा काढला तर कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. आठवडा गेला, बोळा कोरडाच. वासही नाही. सासूबाईंनी चाळभर साखर वाटली. ह्यांनी मला गजरा आणला आणि मी तो पहिल्यांदा मधोमध माळला. डोकं मात्र जड असायचं. कानाच्या मागं खोल कुठंतरी दुखायचं. मी सवयीनं कानात बोट घालून दाबलं, की चूल, भिंत, खिडकी सगळं एका बाजूला सरकायचं आणि परत जागेवर यायचं. मला वाटलं उन्हामुळं. वाहणारा कान थांबला म्हणजे तो बरा झाला, यापलीकडं आमच्या कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

म्हणून मी ओरडून सांगते, आमच्या घरातल्यासारखं ओरडून. वर्षानुवर्षं वाहणारा कान अचानक थांबला आणि त्याबरोबर डोकं दुखायला लागलं, चक्कर यायला लागली, तर साखर वाटू नका. बाहेरची वाट बंद झाली की घाण आतली वाट शोधते. माझ्या कानात तेच चाललं होतं.

चांदीचा कान सोनाराकडून तयार होऊन आला. नखाएवढा, पण पाळीची वळणंसुद्धा काढलेली. मंगळवारी सासूबाई आणि मी गावी गेलो. देवळात गर्दी होती, कारण त्या दिवशी आणखी दोघींचा नवस फिटायचा होता. हलगी वाजत होती. सासूबाईंनी खण-नारळ ठेवला, चांदीचा कान देवीच्या पायाशी ठेवला आणि मला म्हणाल्या, "डोस्कं टेकव."

मी डोकं टेकवलं. वर उचलताना देऊळ फिरलं.

चक्कर म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी येते, तसलं हे नव्हतं. उजेड स्वच्छ होता आणि त्या उजेडात देवी, समई, बायका, सगळं एकाच दिशेनं गरगर धावत होतं, थांबतच नव्हतं. मी खांब धरायला गेले तर खांब तिथं नव्हता. गुडघ्यावर बसले, जमीन धरली, जमीनही कलंडली. पडू नये म्हणून मी मान एकदा इकडं, एकदा तिकडं टाकत होते. पोटातून ढवळून येत होतं, तोंडातून नुसता हुंकार निघत होता.

बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल ते आता मला कळतं. देवीपुढं एक बाई गुडघ्यावर बसून घुमतेय, डोळे गरागरा फिरताहेत, हुंकार देतेय. हलगीवाल्यानं हात जोरात चालवला. कुणीतरी माझे केस मोकळे केले. कपाळावर मळवट भरला गेला. आणि माझ्या सासूबाई, ज्या सकाळीच भाकरी जाड झाली म्हणून माझ्यावर करवादल्या होत्या, त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"आई आली," बायका म्हणाल्या.

मी म्हणत होते, "धरा मला." त्यांनी ऐकलं, पण देवीचं बोलणं म्हणून ऐकलं; कोण काय म्हणालं ते मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. एक जण दुसरीला समजावत होती, "मला धरून ऱ्हावा म्हन्ती आई. सोडू नगासा." गावात निम्मी बोली कानडी, देवीला अव्वा म्हणणाऱ्याही पुष्कळ. एकीनं विचारलं, "अव्वा, माज्या लेकीला दिस कवा जातील?" मला ओकारी येत होती, मी हातानं 'लांब हो' म्हटलं. ती रडायला लागली. दुसरीचा दिराशी बांधावरून वाद चालला होता. ती माझ्या तोंडाशी वाकली तेव्हा मी केस ओढले जात होते म्हणून म्हणाले, "सोडा, सोडा." तिनं घरी जाऊन वाद सोडून दिला. पुढं ती दरवर्षी मला नारळ आणून द्यायची. माझ्या आजारपणात एक तरी घर सुखी झालं, ते त्या बाईचं.

त्या दिवशी मला दिरांच्या घरी नेऊन निजवलं. पडून राहिलं, डोळे मिटले, की फिरणं कमी व्हायचं. मान हलवली की पुन्हा सुरू. पाणीसुद्धा उलटून पडायचं. देवी अंगातून उतरत नाही, कारण नवसात काही कमी राहिलं असेल, असा अर्थ निघाला. उदबत्त्या लागल्या. बायका येऊन पाया पडायच्या. सांगून कुणाला पटत नव्हतं, की मी मीच आहे. मी "मला दवाखान्यात न्या" म्हटलं की सासूबाई हात जोडायच्या.

उजव्या बाजूनं काहीही ऐकू येत नव्हतं. आधी वाटलं, गर्दीचा गलका म्हणून असेल. मग सगळे गेले, घर रिकामं झालं, तरी उजवीकडं काहीच नाही. नुसतं कापसात गुंडाळल्यासारखं. आणि त्या कापसात एक रातकिडा ओरडतोय. तो रातकिडा आजही ओरडतो.

हे गिरणीतून सुटी काढून आले ते ताप चढल्याचा निरोप मिळाल्यावर. मला उठवून बसवलं आणि चहाची बशी तोंडाला लावली. चहा उजव्या कोपऱ्यातून गळून लुगड्यावर सांडला. मला कळलंसुद्धा नाही. ह्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. तोंड डाव्या बाजूला ओढलं होतं आणि उजवा डोळा पुरता मिटत नव्हता.

"आई," हे म्हणाले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल, "देवी काय हिचं त्वांड वाकडं करंल व्हय?"

सासूबाई उठल्या. त्यांनी माझं गाठोडं बांधलं. वाटेत एसटीत माझं डोकं त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, हलू नये म्हणून. स्टँडवरून टांगा. टांग्याच्या प्रत्येक हिसक्याला मी ओकले. सिव्हिलच्या दारात उतरले तेव्हा कपाळावर अजून मळवट होता. कानाच्या डॉक्टरांनी तो ओल्या कापसानं पुसला आणि तिथंच ट्यूनिंग फोर्क टेकवला.

दवाखान्यातले पहिले दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. पेनिसिलिनची इंजेक्शनं, इतकी की कुशीवर वळायला जागा राहिली नाही. कानामागचा एक्स-रे. सिस्टर मानेखाली हात घालून बघायची, मान आखडली आहे का. मेंदूच्या आवरणाला पू लागला तर मान आखडते, म्हणून. ती हात घालायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघायची. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याशी बोलायची, ते बोलणं माझ्या उजवीकडून यायचं, म्हणजे यायचंच नाही. तिला वाटलं मी गर्विष्ठ आहे.

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी आम्हाला तिघांनाही एकत्र बसवून सांगितलं. माझ्या डाव्या बाजूला बसून, मोठ्यानं, घाई न करता. ते बोलणं मी विसरले नाही.

"कानाचे तीन भाग. बाहेरचा दिसतो तो. मधल्या भागात पडदा आणि तीन बारीक हाडं. आवाज आत पोचवायचं त्यांचं काम. आतल्या भागात शंखासारखी एक नळी, तिच्यात ऐकायची नस. तिथंच शेजारी अर्ध्या गोलाच्या तीन नळ्या, त्या तोल सांभाळतात. या सगळ्याभोवती हाडाची भिंत आहे. तुमच्या कानात पू होता तो मधल्या भागात. त्यानं भिंत पोखरली आणि आत शिरला. याला लॅबिरिंथायटिस म्हणतात. म्हणून जग फिरलं, म्हणून ऐकणं गेलं. तोंडाची नस, फेशियल नर्व्ह, तिथूनच जाते. तिलाही झळ लागली."

सासूबाईंनी विचारलं, "मंग त्यो वाहायचा थांबला हुता त्यो?"

"थांबला नव्हता, आजी. आत वळला होता."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

ह्यांनी डाव्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दार ठोठावायची कडी तुटली तर घरातल्याला ऐकू जात नाही, पण घरात माणूस असतो. डाव्याची कडी तुटली आहे, माणूस जागा आहे. म्हणून हाडावर फोर्क टेकवला की आवाज तिकडं जातो. उजव्याचं दार उभं होतं, पण आतलं माणूस गेलं."

जन्मभर मी ज्याला बाद म्हणत आले तो जिवंत होता, आणि ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली तो मेला. मला आनंद झाला नाही, उलट भीती वाटली. कारण आता हा एकच, आणि हाही भोक पडलेला. याला काही झालं तर माझ्या पोरांचा आवाज मला पुन्हा ऐकू येणार नाही.

उजव्या कानामागचं हाड कोरून सगळी कीड काढायची होती. त्याला मास्टॉइडचं ऑपरेशन म्हणतात. ऐकू यावं म्हणून ते नव्हतं, मेंदू वाचावा म्हणून होतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. कानामागचे केस भादरले. त्या दिवशी मी फार रडले. कानासाठी रडले नव्हते एवढी केसांसाठी. ऑपरेशनच्या खोलीबाहेर सासूबाई बसून होत्या, हातात माळ नाही, जप नाही, नुसत्या जमिनीकडं बघत. हे मला ह्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "तवा मला आईचीच जास्त काळजी वाटली."

शुद्धीवर आले तर डोक्याला भलंमोठं फेट्यासारखं बँडेज. कानात औषधाची पट्टी ठासून भरलेली. ती बदलताना काय होतं ते लिहीत नाही, ज्यांच्यावर वेळ येईल ते बघून घेतील. एवढंच सांगते की ते सोसता येतं. जिभेची उजवी बाजू वेगळीच झाली होती. घरून भाकरी आणि शेंगाची चटणी आली, तर चटणी लोखंड चाटल्यासारखी लागली. चवीची नस मधल्या कानातूनच जाते म्हणे. एका कानात देवानं किती गोष्टी कोंबून ठेवल्या आहेत, हे असं एक एक गेल्यावर समजत गेलं.

एका दुपारी वॉर्डात सासूबाई माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या. माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "आईचा काय बी दोष न्हाय बघ. म्या मागितलं, वाहायचा थांबू दे. तिनं थांबवला. मागायलाच चुकले की गं मी."

मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. गावातल्या त्या दिवसांचा राग माझ्या पोटात होता, तो अजून थोडा आहे. पण एसटीत माझं डोकं धरून बसलेले त्यांचे हातही मला आठवत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, चहा घेतला का?" त्या नाही म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी घेतला. माझा थोडा सांडला, तो त्यांनी पुसला.

घरी आल्यावर खरं दुखणं सुरू झालं. तोलाच्या नळ्या एका बाजूच्या मेल्या की मेंदूला नव्यानं शिकावं लागतं. मी भिंत धरून चालायची. नळावर घागर घेऊन गेले की झोक जायचा. चाळीतल्या पोरांना गंमत वाटायची. अंधारात पाऊल टाकता येत नव्हतं. हाक आली की ती कुठून आली कळायचं नाही, कारण दिशा कळायला दोन कान लागतात. मी उभ्या जागी चारी बाजूंना फिरून बघायची आणि त्या फिरण्यानंच पुन्हा चक्कर यायची. धाकटी एकदा मागून रडत आली, मला कळलंच नाही; ती पायाला येऊन बिलगली तेव्हा मी दचकून तिला झिडकारलं. त्या दिवशी मी देवाला, डॉक्टरांना, गिरणीला, सगळ्यांना शिव्या दिल्या.

तोंड हळूहळू सरळ झालं. डोळा मिटायला लागला. चटणीची चवही बरीचशी परत आली. कान आला नाही. मी वाट बघणं लवकर सोडलं नाही, हेही खरं. कुणी नसताना घड्याळ उजव्या कानाला लावून बघायची.

मग एकदाचं ते 'नंतर' उजाडलं. डाव्या कानाची ऑडिओमेट्री झाली, म्हणजे यंत्रानं बारीक-मोठे आवाज देऊन किती ऐकू येतं ते मोजलं. मी विचारलं, याचा पडदा शिवता येईल का? डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "येईल. पण दुसरा कान असता तर मी लगेच हात घातला असता. आता हा एकच आहे. शंभरात एखादा बिघडतो, तो तुमचा असला तर? याला कोरडा ठेवा. पाणी जाऊ देऊ नका, तेल तर थेंबभर नको. आणि ऐकायचं मशीन लावा."

मशीन म्हणजे काड्यापेटीहून मोठा डबा, तो पोलक्याच्या आत अडकवायचा आणि वायर कानात. ते लावून घरी आले. हे दारातून नेहमीसारखे ओरडले, "आलीस का?" मला डोक्यात घण घातल्यासारखं झालं.

"हळू बोला," मी म्हटलं.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे वाक्य त्या घरात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. हे दोन पावलं जवळ आले. मग अगदी हळू, कुजबुजल्यासारखे म्हणाले, "आलीस का?" तो आवाज माझ्या बाद कानात स्पष्ट आला. मी पदर डोळ्याला लावला. ह्यांना वाटलं मशीन टोचतंय.

मी पुरती बरी झाले असं म्हणणार नाही. रोज आंघोळ करताना डाव्या कानात तेल लावलेला कापूस घालते, म्हणजे तेल कापसाला बाहेरून, कानाला नाही. आणि पाणी गेलं तर या भीतीनं डोकं धुणं लांबवते. सर्दी झालेलं माणूस घरी आलं तर माझा जीव थाऱ्यावर नसतो. हा कान गेला तर काय, हा विचार सकाळी माझ्याआधी उठतो. त्या डॉक्टरांमुळं मी जगले, त्यांना मनोमन हात जोडते. आणि ज्याला मी कधी विचारलं नाही, त्या डाव्या कानालाही.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गावी गेलो. मी नको म्हणत होते, सासूबाईंनी नेलं. तीच हलगी, तीच गर्दी. आरती चालू असताना पलीकडच्या वस्तीवरची एक नवी सून घुमायला लागली. बायकांनी तिचे केस सोडले. कुणीतरी कुंकवाची वाटी पुढं केली. मी खांब धरला. या वेळी खांब जागेवर होता.

सासूबाई गर्दीतून पुढं झाल्या. मला वाटलं, आता पाया पडणार. त्यांनी कुंकवाची वाटी हातानं बाजूला सारली आणि हलगीवाल्याला थांबायची खूण केली. कुजबुज झाली, एक म्हातारी रागावलीसुद्धा. सासूबाईंनी त्या पोरीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, एसटीत माझं धरलं होतं तसं, आणि माझ्याकडं वळून, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आई थांबंल. आदी हिचा कान बघ."